पाळीत पोटही दुखतं आणि मळमळतंही: आधी काय करायचं, मग काय

पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात कळा येत असतात आणि त्याच वेळी मळमळतही असतं, तेव्हा पाळीसाठी म्हणून सांगितली जाणारी निम्मी आसनं बाद होतात. बालासनात डोकं खाली गेलं की घशाशी येतं. पवनमुक्तासनात मांड्या पोटावर दाबल्या की उलटीच होते. मुलगी मग चटई गुंडाळते आणि योगानं आपल्याला काही होत नाही, असं ठरवून मोकळी होते. बहुतेक वेळा चुकलेला असतो तो क्रम. नागपुरात मुलींना आणि बायकांना शिकवताना माझं सांगणं एवढंच असतं: आधी मळमळ बसू द्या, मग दुखण्याकडे वळा, आणि खरी मेहनत महिन्याच्या उरलेल्या दिवसांत करा.

दुखण्याबरोबर मळमळ का येते

गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटायला लागतं तेव्हा त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो. तो जोरात आवळला की त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि कळ उठते. हीच रसायनं रक्तात मिसळून आतड्यांच्या स्नायूंनाही छेडतात, म्हणून मळमळ, उलटी, पातळ शौचाला होणं, डोकं दुखणं हे सगळं एकाच दिवशी अंगावर येतं. आपल्याकडे याला 'पित्त झालं' म्हणतात आणि ॲसिडिटीची गोळी देतात. पोटदुखीचं आणि मळमळीचं मूळ बहुधा एकच असतं, हे घरातल्या मोठ्या बायकांनाही सांगायला हवं.

हे साधं, कुठल्या आजाराशिवायचं दुखणं बहुधा पाळी सुरू झाल्यावर वर्ष-दोन वर्षांत चालू होतं. रक्तस्राव सुरू होण्याच्या काही तास आधी किंवा त्याच्याबरोबरच ते येतं आणि ८ ते ७२ तासांत ओसरतं. खाली दिलेला क्रम याच दुखण्यासाठी आहे. पाळी लांबली आहे आणि नुसतंच मळमळतंय, असं असेल तर आधी गरोदरपणाची घरगुती चाचणी करा. दिवस गेले असतील तर यातलं काहीही आपल्या मनाने करू नका.

त्या घटकेला कोणतंही आसन ती रसायनं पुसून टाकत नाही. पण दुखायला लागलं की आपण दात आवळतो, मांड्या आवळतो, श्वास अडवतो, आणि दुखणं आणखी टोचायला लागतं. हे आवळणं सोडवणं आसनांना जमतं, आणि लांब सोडलेल्या श्वासाने मळमळही खाली बसते. पहिल्या दिवशी योगाकडून एवढीच अपेक्षा ठेवा.

तयारी

लागणारं सगळं घरात असतं. एक लोड किंवा घट्ट गुंडाळलेली गादी, दोन उशा, दोन चादरी, एक खुर्ची, गरम पाण्याची पिशवी. शिवाय हाताशी एक घमेलं किंवा टब. उलटी झालीच तर धावावं लागणार नाही, हे ठाऊक असलं की निम्मी धास्ती जाते.

लोड-उशांच्या आधाराने आसनं करण्याची पद्धत योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेने नीट घडवली. पुण्यात त्यांची मुलगी गीता अय्यंगार यांनी बायकांच्या योगाभ्यासावर आयुष्यभर काम केलं. पाळीच्या दिवसांत शरीराने जोर लावायचा नाही, आधाराने त्याला सोडून द्यायचं, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. पहिल्या दिवशीची सगळी आसनं मी याच रीतीने देते.

नागपूरच्या उन्हाळ्याची वेगळी सोय लावावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पोटावर गरम पिशवी नकोशी वाटणारच. तरीही शेक सोडू नका, कारण पाळीच्या दुखण्यावर तो खरोखर काम करतो. कूलर चालू ठेवा, पंखा डोक्याच्या बाजूला घ्या आणि शेक फक्त ओटीपोटावर, हातभर जागेत द्या. पिशवीत उकळतं पाणी भरू नका आणि ती नेहमी पंचात गुंडाळा. कूलरच्या टाकीत चार दिवसांचं पाणी असेल तर ते आधी बदला. त्या कुबट वासाने मळमळ वाढते. फोडणीच्या वासानेही तेच होतं, म्हणून स्वयंपाकघराला लागून असलेली खोली टाळा.

पोट अगदी रिकामं नको आणि भरलेलंही नको. जेवण होऊन दोन-तीन तास झाले असावेत. सकाळपासून काही खाल्लंच नसेल तर चार घास भाताची पेज, मूठभर मुरमुरे किंवा अर्धं केळं खाऊन वीस मिनिटं थांबा. तर्री-पोहे आणि सावजी चार दिवसांनी.

आधी मळमळ

इथे घाई करू नका. या टप्प्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि पुढचं सगळं यावरच उभं आहे.

लोड भिंतीला तिरपा टेकवा, आरामखुर्चीच्या पाठीसारखा. जमिनीपासून साधारण ४५ अंशांचा उतार हवा. लोड घसरत असेल तर त्याच्या पायथ्याशी गुंडाळलेली चादर अडकवा. कंबर लोडाला अगदी चिकटवून बसा, मधे फट राहिली की पाठ ताणते. मग मागे टेका आणि मानेखाली उशी घ्या. हनुवटी छातीकडे किंचित झुकलेली असावी, वर उचललेली नको. आता दोन्ही तळपाय एकमेकांना जोडून गुडघे बाजूंना सोडा आणि प्रत्येक मांडीखाली एक-एक उशी सरकवा. उशी गुडघ्याखाली न ठेवता मांडीच्या मध्याखाली ठेवली की जांघेवरचा ताण जातो. उशा कमी पडल्या तर चादरीची घडी चालते. हेच आधाराचं सुप्त बद्धकोनासन. सपाट झोपून ते करतात, पण मळमळ असताना छाती आणि डोकं पोटाच्या वरच राहायला हवं, नाहीतर आंबट पाणी घशाशी येतं.

डोळे मिटू नका. बऱ्याच मुलींना डोळे मिटले की गरगरतं. समोरच्या भिंतीवरचा एक बिंदू धरा. कॅलेंडरचा खिळाही चालेल.

एक तळहात ओटीपोटावर ठेवा, दुसरा बरगड्यांवर. नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्या, सहा अंक मोजेपर्यंत सोडा. मधे रोखायचा नाही. गुदमरल्यासारखं झालं तर तीन-चारवर या. चार आणि सहा जमलं की मिनिटाला साधारण सहा श्वास होतात, आणि याच संथ लयीत छातीतली धडधड उतरते. सोडताना जीभ टाळूपासून सुटली आहे ना, दातांत थोडी फट आहे ना, हे बघत राहा. जबडा सुटला की ओटीपोटाचं आवळणंही सैल पडतं, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहते.

उन्हाळ्यात याला शीतलीची जोड द्या. जिभेची नळी करून तोंडाने गार श्वास आत घ्या, तोंड मिटून नाकाने सोडा. दहा-बारा वेळा पुरे. जिभेची नळी होत नसेल तर दात जुळवून फटीतून श्वास घ्या, ती सीत्कारी. डिसेंबर-जानेवारीत किंवा खोकला असताना दोन्ही टाळा.

आणखी एक उपाय आहे. तो योगातला नाही, चिनी वैद्यकातला आहे, पण मळमळीवर खूप ठिकाणी वापरला जातो. मनगटाच्या आतल्या बाजूच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा. जिथे तिसरं बोट संपतं तिथे, दोन शिरांसारख्या लागणाऱ्या दोरांच्या मधे, अंगठ्याने दाबा. दोन-तीन मिनिटं एका हातावर, मग दुसऱ्यावर. दाब इतकाच की ठणकलं पाहिजे, झोंबलं नाही पाहिजे.

उलटी होऊन गेली असेल तर अर्धा तास आसन नाही. चूळ भरा आणि कुशीवर पडा. ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून दर पाच मिनिटांनी चमचा-दोन चमचे घ्या. पेलाभर एकदम प्यायलं की तेही बाहेर येतं. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये उलट्यांनी अंगातलं पाणी फार लवकर उतरतं. घोटभर पाणीही टिकत नसेल किंवा सात-आठ तास लघवीच झाली नसेल, तर दवाखाना गाठा. आल्याचा तुकडा चघळणं, कोमट पाण्यात चिमूटभर सुंठ, लिंबाची ताजी साल हुंगणं, यांतलं जे सोसेल ते करा.

मग दुखणं

मळमळ पूर्ण जायची वाट पाहायची नाही. मान हलवल्यावर घशाशी येत नाही, इतपत झालं की पुढे सरका.

सुरुवात मार्जारासनाने, पण रोजच्यापेक्षा छोटं. हात-गुडघ्यांवर या, गुडघ्यांखाली चादरीची घडी घ्या. श्वास सोडताना कंबर किंचित गोल करा, घेताना सरळ करा. पाठ खाली झोकायची नाही आणि डोकं वर-खाली करायचं नाही. मान स्थिर, नजर दोन हातभर पुढे जमिनीवर. हालचाल फक्त कमरेची आणि माकडहाडाची. आठ-दहा वेळा. मग कमरेने दोन्ही दिशांनी संथ गोल फिरवा. कंबरदुखी जास्त असलेल्यांना हे पहिल्या मिनिटातच सुखावतं.

त्यानंतर आधाराचं बालासन. गुडघे लोड मावेल इतके फाकवा आणि लोड दोन्ही मांड्यांच्या मधे, लांबीने पुढे जाईल असा ठेवा. पुढच्या टोकावर एक उशी चढवा, म्हणजे डोक्याकडची बाजू उंच होईल. आता पोट आणि छाती लोडावर सोडा, गाल उशीवर, हात दोन्ही बाजूंना. डोकं कमरेपेक्षा खाली नाही आणि मांड्या पोटाला दाबत नाहीत, या दोन गोष्टी तपासा. नुसतं चटईवरचं बालासन आणि हे, यांत मळमळणाऱ्या पोटाला फार फरक पडतो. दोन मिनिटांनी गाल बदला. कुणीतरी माकडहाडावर कोमट टॉवेल किंवा नुसता तळहात ठेवून बसलं तर उत्तमच. आईने किंवा बहिणीने करण्यासारखं हे सोपं काम आहे. चोळायचं नाही, हात नुसता जड ठेवायचा.

पुन्हा उमासे आले तर लगेच लोडावर मागे टेकून पहिल्या स्थितीत जा. यात काही बिघडत नाही, त्या दिवशी शरीर जितकं देईल तितकंच घ्यायचं.

भिंतीला पाठ लावून पाय फाकवून बसणं, म्हणजे उपविष्ट कोनासन, दोन-तीन मिनिटं करा. पुढे वाकू नका. नुसतं ताठ बसून ओटीपोटात श्वास भरायचा. इथे भ्रामरी छान जमते: तोंड मिटून, सोडत्या श्वासाबरोबर खालच्या पट्टीत गुणगुणायचं, पाच-सात वेळा.

शेवट पाय खुर्चीवर ठेवून. पाठीवर पडा, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर, गुडघे काटकोनात. डोक्याखाली आणि खांद्यांखाली मिळून दोन उशा, शेकाची पिशवी ओटीपोटावर. दहा मिनिटं, किंवा झोप लागली तर लागू द्या. हेही जमत नसेल तर मत्स्यक्रीडासन आहेच: डाव्या कुशीवर वळून उजवा गुडघा पोटाच्या बाजूला घ्या, त्याखाली उशी, डोकं हातांवर. फार दुखत असताना मी फक्त हेच एक आणि लांब श्वास एवढंच देते.

या दिवसांत कपालभाती, भस्त्रिका, अग्निसार, उड्डियान बंध, नौली नको. धनुरासनासारखं पोटावर भार देणारं आणि पोटाला पीळ देणारं नको. शीर्षासन-सर्वांगासनाबद्दल मला नेहमी विचारतात. परंपरा ती पाळीत टाळायला सांगते. त्याने अपाय होतो असं वैद्यकाने सिद्ध केलेलं नाही, पण मळमळत असताना उलटं होण्यात फायदा काहीच नाही, म्हणून मीही देत नाही. आणि पाळीत योग करूच नये, हातपाय हलवू नयेत, असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना हा संथ क्रम करून दाखवा. पाहिल्यावर विरोध सहसा मावळतो.

कॉलेजात, ऑफिसात

एक बी.एस्सी.ची मुलगी मला म्हणाली होती, "ताई, प्रॅक्टिकल सुरू असते अन् पोट इतकं दुखून राहिलं असते, वरून मळमळून राहिलं असते, तिथं लोड कुठून आणू?" बरोबर आहे. खुर्चीत कंबर मागे नेऊन बसा, तळपाय जमिनीवर टेकवा, गुडघे कमरेपेक्षा रुंद ठेवा. बॅग मांडीवर उभी ठेवून तिच्यावर कोपर टेकवा आणि छातीचा भार बॅगेवर सोडा, मान ताठच. चार-सहाचा श्वास, मनगटाचा बिंदू. बाकावर डोकं ठेवून झोपणं मात्र टाळा. पट्टा किंवा नाडी सैल करा, ओटीपोटावरचा दाब तेवढ्यानेही उतरतो.

गोळी आणि योग

गोळी घेतली म्हणजे योग फसला, असं समजू नका. मेफेनामिक ॲसिड, आयबुप्रोफेन यांसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात, म्हणून ती दुखणं शिगेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतलेली बरी. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि पोटात काहीतरी असतानाच घ्या. रिकाम्या पोटी घेतली की गोळीनेच मळमळ वाढते. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय नको. मेफेनामिक ॲसिडच्या एका दुर्मीळ पण गंभीर ॲलर्जीबद्दल भारतीय फार्माकोपिया आयोगाने २०२३च्या अखेरीस सावध केलं होतं. गोळी घेतल्यानंतरच्या आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं असं काही झालं तर डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा.

उरलेले दिवस

पाळीच्या दुखण्यावर व्यायामाचा काय उपयोग होतो, याचा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळून पाहणाऱ्या संस्थेने २०१९ साली आढावा घेतला. त्यात योगही धरला होता. आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा ४५ ते ६० मिनिटं व्यायाम केला तर दुखण्याची तीव्रता जाणवण्याइतकी कमी होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष. अभ्यास लहान आणि कच्चे आहेत, हेही त्यात म्हटलं आहे. इराणमधल्या १८ ते २२ वर्षांच्या तरुणींवरच्या, २०११ साली छापून आलेल्या एका चाचणीत तर भुजंगासन, मार्जारासन आणि मत्स्यासन एवढी तीनच आसनं दिली होती, आणि तीही पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात. दुखण्याची तीव्रता आणि वेळ, दोन्ही कमी झाले. माझा सगळा भर याच दिवसांवर आहे. पाळी आली की आसनं आठवणारी मुलगी उशीर करते.

रक्तस्राव थांबल्यावर सूर्यनमस्कार, त्रिकोणासन, वीरभद्रासन, सेतुबंधासन, बद्धकोनासन यांचा पाऊण तास, आठवड्यातून तीनदा. उन्हाळ्यात साडेपाचला गच्चीवर सुरू केलं तरच ते पूर्ण होतं. सातनंतर गच्ची तापते. मधल्या दिवशी अंबाझरीला किंवा फुटाळ्याला भरभर चाला. पाळीला दहा-बारा दिवस राहिले की सूर्यनमस्कार कमी करा आणि भुजंगासन, पूर्ण मार्जारासन, पाठीखाली लोड घेऊन मत्स्यासन रोज दहा-पंधरा मिनिटं करा. तीन पाळ्या जाऊ द्या, मग फरक पाहा. एकटीने सातत्य राहत नसेल तर वर्ग लावा. रामनगरातलं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ अनेक दशकांपासून नागपूरकरांना योग शिकवत आलं आहे. शिक्षिकेला पाळीचा त्रास पहिल्याच दिवशी सांगा.

डॉक्टरकडे कधी

दर वर्षी दुखणं वाढतंय, पंचविशीनंतर नव्याने सुरू झालंय, पाळी नसतानाही दुखतं, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखतं, तासा-दोन तासाला पॅड भिजतं, रक्तस्राव आठवडा उलटून चालतो, गोळी घेऊनही दर महिन्याला कॉलेज बुडतं: यांतलं एक जरी असलं तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ताप, दुर्गंधी स्राव किंवा एका बाजूला अचानक उठलेली असह्य कळ असेल तर त्याच दिवशी. "लग्न झालं की बंद होते" हे ऐकून मुली वर्षानुवर्षं थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार असतो, आणि तो लग्नाने बरा होत नाही.

शासकीय रुग्णालयांत डागा आहे, मेडिकल आणि मेयो आहेत. ओपीडी सकाळची असते, तेव्हा लवकर निघा. जाताना वहीत मागच्या दोन-तीन पाळ्यांच्या तारखा, दुखणं किती तास टिकलं, उलट्या किती, गोळी कोणती आणि किती, दिवसाला पॅड किती, हे लिहून न्या. लग्न न झालेल्या मुलींना आतून तपासणीची धास्ती असते. त्यांची सोनोग्राफी सहसा पोटावरून करतात, आणि तिला लघवी तुंबलेली लागते. म्हणून घरून पाण्याची मोठी बाटली भरून न्या आणि नंबर यायच्या साधारण तासभर आधी प्यायला लागा.